सगळं नॉर्मल आहे

डॉक्टरांनी फाईल मिटली, चष्मा कपाळावर ढकलला आणि बक्षीस जाहीर करावं तसे म्हणाले, "अभिनंदन! सगळं नॉर्मल आहे."

अभिनंदन! समोर बाई पोटाशी हात धरून खुर्चीच्या कडेवर तिरकी बसलेली. सरळ बसलं की बेंबीच्या उजव्या अंगाला कळ उठते, म्हणून तिरकी. आणि तिचं अभिनंदन! घराला आग लागावी, बंबवाल्यांनी येऊन भिंती सरळ आहेत का ते पाहावं, सरळ आहेत म्हणून हात मिळवावा आणि चालू पडावं, त्यातलाच हा प्रकार.

"पण डॉक्टर, दुखतंय हो," बाई म्हणाली.

"तसं हिला वाटतं," शेजारच्या खुर्चीतून तिचा नवरा लगबगीने म्हणाला.

हिला वाटतं! दोन वर्षं होत आली होती. प्रत्येक डॉक्टरच्या खोलीत तिचं दुखणं ह्या दोन शब्दांच्या चिमट्यात धरून टेबलावर ठेवलं जायचं. नवरा पाण्याचे पंप विकणाऱ्या दुकानात सेल्समन होता. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत त्याच्या मनातलं आपण बोलून टाकायचं, ही त्याची कमाईची कला. ती तो घरी येताना दुकानात ठेवून येत नसे, एवढंच.

"ताण असतो बायकांना," डॉक्टर नवऱ्याकडे बघून म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "एखादा छंद लावून घ्या. काय करता तुम्ही?"

"बाटल्या तपासते."

"छान, छान," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी घंटीवर बोट ठेवलं. ती बाटल्या तपासते म्हणाली की आकाशातून उड्या मारते म्हणाली, ह्याने त्यांना काडीचा फरक पडला नसता.

बाहेरच्या लांबलचक मार्गिकेत नवऱ्याने फाईल काखेत मारली. त्याचा चेहरा उजळला होता. "ठरलं होतं ना आपलं?" तो म्हणाला. "हे शेवटचे डॉक्टर. सगळ्यात मोठे. ह्यांनीही नॉर्मल म्हटलं तर ह्यापुढे घरात हा विषय नाही."

"ठरलं होतं," ती म्हणाली.

ठरलं होतं खरं. तिनेच मान डोलावली होती, कारण ह्या मोठ्या डॉक्टरांना तरी काहीतरी सापडेल अशी तिला आशा होती. हो, आशाच. आपल्या पोटात काहीतरी बिघडलेलं निघावं म्हणून माणूस आशेने बसतो, इथवर तिला आणून सोडलं होतं. आता विषय बंद. दुखेल ते दुखेल, पण गपचूप दुखायचं. दुखण्याची तिला इतकी भीती नव्हती. आपण खोटारडे ठरलो, ह्याने तिचा जीव तुटत होता.

ह्या बाईला कारखान्यात सगळे एक्सरेबाई म्हणत. का, ते पुढे येईलच. आपणही तिला तेच म्हणू.

तर एक्सरेबाईचा ह्या 'नॉर्मल' नावाच्या शब्दावर भयंकर राग होता आणि तो वाजवी होता. इंग्रजीतून आलेला पाहुणा, पण आता घरातल्या घरात असा वावरतो की आपणच त्याचे भाडेकरू वाटावेत. हॉटेलात पोऱ्या विचारतो, पाणी थंड देऊ की नॉर्मल? तिथे नॉर्मल म्हणजे कोमट. बाळंतीण सुटली की नातेवाईक विचारतात, नॉर्मल झाली ना? मग ती बिचारी रात्रभर किंचाळून अर्धमेली झाली असली तरी झाली ती नॉर्मलच. दंगल होते, चार दुकानं जळतात, आणि दुसऱ्या दिवशी बातम्यांत परिस्थिती नॉर्मल. जावई दारू पितो का, असं विचारलं तर नॉर्मल पितो. थोडक्यात, जिथे कुणाला पुढचं काही ऐकायचं नसतं तिथे हा शब्द दारावर उभा असतो. आत या नाही, बाहेर जा नाही. नुसता आडवा.

त्यांच्या घरात तर त्याचं राज्यच झालं होतं. पहिली सोनोग्राफी नॉर्मल आली तेव्हा नवऱ्याने पेढे वाटल्यासारखे नातेवाइकांना फोन वाटले. मग रक्त नॉर्मल, लघवी नॉर्मल, मोठ्या मशीनमधला स्कॅन नॉर्मल. नळी घशातून घालून बघितलं, ते नॉर्मल. नळी दुसरीकडून घालून बघितलं, तेही नॉर्मल. प्रत्येक नॉर्मलनंतर तिचं दुखणं जिथल्या तिथे आणि तिची किंमत एका पायरीने खाली. आधी काळजीने विचारायचे, 'दुखतंय का गं?' मग विचारायचे, 'अजून दुखतंय?' मग विचारायचेच बंद झाले.

सासूबाई एकाच खोलीत टीव्हीसमोर बसून असत आणि जगात काय चाललंय ह्यावर त्यांची बारीक नजर असे. त्यांनी तोंडाने कधी वाईट म्हटलं नाही. फक्त एक्सरेबाई भांडं उचलताना ओठ चावून थांबली, की त्या मुलाकडे बघत, आणि मुलगा आईकडे बघे. ती नजर एक्सरेबाईच्या पाठीला कळायची. बाईने पोटावर हात ठेवला की ती नाटक करते आणि नाही ठेवला की बघा, आता कशी विसरली! ह्यातून सुटायचं कसं, सांगा.

एकदा तर नणंदेने फोनवर प्रेमाने सुचवलं होतं, "वहिनी, जरा मन रमवा ना. मनाचं असतं बरं का पुष्कळदा." मन रमवा! मन बेंबीच्या उजवीकडे चार बोटांवर कधीपासून राहायला गेलं, हे तिला विचारावंसं वाटलं होतं. पण विचारलं असतं तर वहिनी चिडचिड्या झाल्यात, हा आणखी एक रिपोर्ट निघाला असता.

आता कारखान्याकडे येऊ. तिथे औषधाच्या बाटल्या बनत. भट्टीतून काचेचा लालभडक गोळा साच्यात पडे, फुगून बाटली होई, दुसऱ्या लांबच लांब भट्टीतून हळूहळू थंड होत येई आणि मग पट्ट्यावरून खणखणत एक्सरेबाईच्या खोलीत शिरे. खोली अंधारी. पट्ट्याच्या पलीकडे दुधी काचेचा उजळ फळा. त्या उजेडासमोरून बाटल्यांची रांग सरकत जाई आणि फळ्यासमोर बसलेली बाई एकेक वाईट बाटली मानेला धरून उचलून टाके. कशात बुडबुडा, कशाच्या गळ्याला केसाएवढा तडा, कशाची भिंत एका अंगाला पातळ. सगळ्यात वाईट म्हणजे झोका. बाटलीच्या पोटात ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत काचेचा एक तंतू लोंबत राहतो. बाहेरून बाटली चकचकीत. पण औषध भरलं की तो तंतू मोडणार आणि कुणाच्या तरी घशात जाणार.

डोळे शिणतात म्हणून तपासणाऱ्या बायकांना अधूनमधून जागा बदलून देत. एक्सरेबाई शिणली तरी तिची नजर शिणत नसे. एका नजरेत आरपार, म्हणून एक्सरेबाई. त्या खोलीचा एक रिवाज होता. तपासणारीने बाटली उचलून टाकली की ती का टाकली हे कुणी विचारायचं नाही. मुकादमाने नाही, मॅनेजरनेही नाही. एकाच साच्यातल्या बाटल्या ती एकापाठोपाठ उचलू लागली तर तिने नुसती घंटी वाजवायची. लगेच त्या साच्याचं यंत्र थांबायचं. तिथे पुरावा आण, दुसऱ्या कुणाचं मत घे, असली भानगड नव्हती. बाई म्हणते वाईट, म्हणजे वाईट.

म्हणजे बघा. तिच्या बोटाच्या इशाऱ्यावर एवढं मोठं यंत्र थांबत होतं, आणि तिच्या स्वतःच्या पोटाबद्दल तिचा शब्द कुणी कवडीमोलानेही घेत नव्हतं. ह्या विचाराने पट्ट्यासमोर बसल्या बसल्या कधी कधी तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. मग ती एखादी बाटली जरा जास्तच जोरात टाकायची.

मोठ्या डॉक्टरांनी अभिनंदन केल्याला थोडे दिवस झाले होते. विषय बंद होता. त्या सकाळी ती जरा पुढे वाकली आणि कळ अशी उठली की डोळ्यांसमोरचा फळा पांढऱ्याचा पिवळा झाला. तिने श्वास रोखून धरला. बाटल्या सरकत राहिल्या. कळ ओसरली तेव्हा पुढच्या टेबलावरची पोरगी एक बाटली हातात घेऊन उभी होती.

"बाई, ही तुमच्या पुढून आली," पोरगी चोरट्यासारखी म्हणाली.

बाटलीच्या पोटात झोका होता. स्वच्छ, लांब, आंधळ्यालाही दिसावा असा. ही बाटली तिने जाऊ दिली होती! मुकादम आला. त्याने बाटली उजेडासमोर धरली, फिरवली आणि खाली ठेवली. आता हा बोलणार म्हणून तिने मान खाली घातली.

"तुम्हाला काय होतंय?" मुकादम म्हणाला.

"कुठे काय?"

"अहो, तुमच्या नजरेतून झोका सुटतो? मी काय आज आलोय का इथे? काहीतरी दुखतंय तुम्हाला. उठा, दवाखान्यात जा. इथे मी दुसरीला बसवतो."

ती उठली. दारापर्यंत गेली आणि तिथे तिला रडू फुटलं. ह्या माणसाने फाईल मागितली नव्हती. एक बाटली बघितली आणि म्हणाला, दुखतंय तुम्हाला. दोन वर्षांत हे वाक्य तिला कुणी म्हटलं नव्हतं.

कारखान्याचा दवाखाना म्हणजे आवाराच्या टोकाची एक खोली. तिथल्या डॉक्टरीणबाई वयस्कर, आवाज घोगरा, बोलणं फटकळ. त्यांचा सगळा जन्म कामगारांच्या बोटांतून काच काढण्यात गेला होता. त्यामुळे त्यांच्याकडे सगळे बोट घेऊन जात. पोट घेऊन कुणी जात नसे, एक्सरेबाईही कधी गेली नव्हती.

"कुठलं बोट?" डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता विचारलं.

"बोट नाही, पोट. पण रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत," एक्सरेबाई म्हणाली आणि स्वतःच चमकली. इतकी सवय झाली होती, की आता नवरा बरोबर नसताना नवऱ्याचं वाक्य तीच म्हणत होती.

"मी रिपोर्ट विचारले का? कुठे दुखतं ते दाखव. असा सगळा पंजा फिरवू नकोस. एका बोटाने."

एक्सरेबाईने बोट ठेवलं. एका नाण्याएवढी जागा होती ती. ती तिला झोपेतसुद्धा सापडली असती. पण एका बोटाने दाखव, असं आजवर कुणी म्हटलंच नव्हतं. सगळे म्हणायचे 'पोटात दुखतं ना? बरं,' आणि पोटाच्या आत बघायला मशीन लावायचे.

डॉक्टरीणबाईंनी तिला झोपवलं. बोटात घुसलेली बारीक काच पुष्कळदा डोळ्यांना दिसत नाही. मग त्या पेनाच्या टोपणाचं बोथट टोक घेऊन जरा जरा अंतरावर दाबत जात आणि कामगार ओरडला की थांबत. पोटावरही त्यांनी तेच केलं. इथे? नाही. इथे? नाही. इथे? एक्सरेबाई किंचाळली.

"हं. आता मी दाबून धरते. तू नुसती मान वर उचल. हात न टेकता."

तिने मान उचलली. पोट ताठ झालं आणि कळ अशी आली की तिने डॉक्टरीणबाईंचं मनगटच धरलं. डॉक्टरीणबाईंनी तेवढ्या जागेची कातडी चिमटीत धरली. तेही सहन होईना. डाव्या बाजूला तसंच केलं तर काहीच नाही.

"पोटाच्या आत नाही हे," डॉक्टरीणबाई हात पुसत म्हणाल्या. "आत असतं तर पोट ताठ केल्यावर कमी दुखलं असतं, आतल्या दुखण्याला आडोसा मिळाला असता. तुझं वाढलं. म्हणजे बिघाड भिंतीत आहे. पोटाच्या स्नायूतून एक बारीकशी नस बाहेर येते, ती तिथे आवळली जाते. असं होतं पुष्कळांना. वर्षानुवर्षं हिंडत बसतात."

"मग रिपोर्टात का नाही आलं?"

"येतच नाही. त्या मशीनना आतडी दिसतात, पित्ताशय दिसतं, हे दिसत नाही. नॉर्मल म्हणजे काय? आम्ही जिथे बघितलं तिथे काही सापडलं नाही, एवढंच. तुला काही झालेलं नाही असं त्या कागदाने कधी म्हटलेलंच नाही. ते माणसं म्हणतात."

एक्सरेबाई छताकडे बघत राहिली. बाटलीचं असंच असतं, तिला वाटलं. उजेडाच्या फळ्यावर बाटली लखलखीत दिसते, पण थंड होताना काचेत ताण राहिला असेल तर तो साध्या उजेडात दिसत नाही. त्यासाठी वेगळ्या काचेतून बघायचं वेगळं यंत्र आहे. एका फळ्यावर चांगली दिसली म्हणून बाटली चांगली, असं इथे कुणी म्हणत नाही. औषधाच्या साध्या बाटलीला इथे हा मान होता! आणि तिला दोन वर्षं एकाच फळ्यासमोर फिरवून फिरवून उभं केलं, वर नाटकी ठरवलं. तिला इतका संताप आला की झोपल्या झोपल्या तिच्या मुठी वळल्या.

"सुई देते. टाके घालताना बधिर करायला देतो तीच. त्या जागेवर दिली आणि थांबलं, तर नक्की तेच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सुई टोचली. जळजळलं. मग थोडा वेळ काही नाही. आणि मग खरंच काही नाही! ती उठून बसली, सरळ, ताठ. खाली वाकली. चपलेचा पट्टा विनाकारण सोडून पुन्हा लावला. खोलीत दोन फेऱ्या मारल्या. तिला हसू यायला लागलं आणि हसता हसता नाक वाहायला लागलं.

"हुरळून जाऊ नकोस," डॉक्टरीणबाईंनी दटावलं. "ही बधिरता उतरली की संध्याकाळी पुन्हा दुखणार. पण आता रोग कळलाय. मी चिठ्ठी देते, नसांच्या दुखण्याच्या डॉक्टरांकडे जा. ते वेगळी सुई देतील, दोनचारदा घ्यावी लागेल. नाहीच भागलं तर छोटं ऑपरेशन. बरी होशील."

तिने सगळं ऐकलं. पण खरं सांगायचं तर बरी होशील ह्यापेक्षा 'तेच' हा शब्द तिला गोड लागला. म्हणजे होतं! इतके दिवस होतं!

घरी ती वाऱ्यावर तरंगत आली. सासूबाई टीव्हीसमोर, नवरा नुकताच दुकानातून आलेला, पायातले मोजे काढत होता. तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, टोपण, मान उचलणं, भिंत, नस, सुई, आणि वाकूनही दाखवलं. नवरा डोळे मोठे करून ऐकत होता. आता हा जवळ येईल, तिला वाटलं. आता हा म्हणेल, अगं, केवढं सोसलंस.

"थांबलं? अगदी थांबलं?" त्याने विचारलं.

"अगदी."

"बघ!" त्याने मांडीवर थाप मारली. "मी काय म्हणत होतो! रिपोर्ट उगाच नॉर्मल येत नाहीत. एवढ्याशा सुईत गेलं म्हणजे काही नव्हतंच." आणि तिला एक शब्द बोलू न देता त्याने फोन उचलून बहिणीला लावला. "अगं, बरी झाली तुझी वहिनी! हो, एकदम! नाही गं, काही निघालं नाही. कारखान्यातल्या त्या काच काढणाऱ्या बाईने एक सुई टोचली आणि गायब! म्हणजे बघ. मनाचंच होतं सगळं. तू म्हणालीस तसंच."

एक्सरेबाई जिथे होती तिथे उभी राहिली. दोन वर्षांचा खटला ती आज जिंकून आली होती आणि हा माणूस निकाल उलटा वाचून दाखवत होता. दुखत होतं तेव्हा रिपोर्ट नॉर्मल म्हणून खोटं, आणि थांबलं तेव्हा एका सुईत थांबलं म्हणून खोटं! म्हणजे तिने करायचं काय होतं? मरून दाखवायचं होतं?

तिने फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

"ताई, मी बोलतेय," ती म्हणाली. तिचा आवाज घरात कधी ऐकला नव्हता इतका मोठा होता. "माझी नस आवळली गेलीये. त्याला कारण आहे, औषध आहे, कदाचित ऑपरेशनही आहे. ती रिपोर्टात दिसत नाही, म्हणून दिसली नाही. मनाचं नाही. तुमचे भाऊ जे सांगताहेत ते चूक आहे. ठेवते." आणि तिने ठेवला.

"अगं, चिडतेस काय? चांगलीच बातमी दिली ना मी?" नवरा म्हणाला.

"तुम्ही माझी बातमी नाही दिलीत, तुमची दिलीत."

"बरं बाई, चुकलो. दुखत होतं तुला. झालं समाधान?"

"'बरं बाई' नको आणि 'झालं'ही नको. नुसतं म्हणा, तुला दुखत होतं."

बाहेर दिवे लागले होते. सुईचा अंमल उतरत चालला होता आणि त्या नाण्याएवढ्या जागेत पहिली बारीक चमक उठली. तिचा हात आपोआप तिथे गेला. नवऱ्याने ते पाहिलं. त्याची नजर क्षणात तिच्या हातावर गेली आणि क्षणात बाजूला झाली, आणि ती नजर तिने पकडली. आयुष्यभर हेच तर काम केलं होतं तिने.

"तुम्हाला दिसतं," ती हळू म्हणाली. "आत्ता दुखायला लागलं ते मी बोलायच्या आत तुम्हाला दिसलं."

पंप विकणारा, दिवसभर बोलणारा हा माणूस हातातल्या मोज्याची घडी करत बसला.

"कधीपासून दिसतं?"

"आता काय सांगू."

"सांगा."

"पहिल्यापासूनच," तो अखेर म्हणाला. "जिना उतरताना तू कठडा धरतेस. वेणी घालताना हात वर केलास की थांबतेस. झोपेत कुशीवर वळलीस की कण्हतेस. दिसतं गं. मी काय आंधळा आहे?"

एक्सरेबाई खुर्चीवर बसली. तिला वाटत होतं, ह्याचा आपल्यावर विश्वास नाही. त्या एका गोष्टीचा तिने किती राग राग केला होता! आणि त्याचा विश्वास होता. पहिल्या दिवसापासून होता. पाचपन्नास लोकांसमोर 'हिला वाटतं' म्हणताना होता, बहिणीला फोन लावताना होता, मार्गिकेत फाईल काखेत मारून 'विषय बंद' म्हणताना होता. ज्याला दिसत नाही त्याच्यावर माणूस चिडून तरी मोकळा होतो. ज्याला दिसत होतं त्याचं काय करायचं, हे तिला कळेना. अंगाची लाही लाही झाली.

"मग दोन वर्षं 'हिला वाटतं' का म्हणालात?"

"मी घाबरलो होतो गं," नवरा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याला वाटलं, आता ही जवळ येऊन हात धरेल. "काही भलतंसलतं निघालं असतं तर? म्हणून डॉक्टर नॉर्मल म्हणाले ना, की इतकं बरं वाटायचं."

"कुणाला?" एक्सरेबाईने विचारलं.

नवऱ्याने सवयीने आईकडे पाहिलं. सासूबाईंनी टीव्ही बंद केला होता. त्यांनी मुलाची ती नजर घेतली नाही, झेलली नाही. त्या नुसत्या त्याच्याकडे रोखून बघत होत्या.

"माझ्याकडे काय बघतोस?" त्या म्हणाल्या. "तिला उत्तर दे."